शाळेचा माजी विद्यार्थी संघ काढताय? मग आधी जनरल रजिस्टर उघडा

दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॅप ग्रुप तयार होतो, पहिले आठ दिवस जुन्या फोटोंचा पाऊस, मग गुड मॉर्निंग, मग राजकारण, मग दोघंतिघं भांडून लेफ्ट होतात आणि बाकीचे म्यूट करून टाकतात. ह्याच ग्रुपवर कधीतरी कुणीतरी लिहितं की शाळेला पंचाहत्तर वर्षं होतायत, काहीतरी केलं पाहिजे, संघ काढूया. आणि पहिली मीटिंग होते ती अध्यक्ष कोण ह्यावरच.

मी आमच्या शाळेच्या संघाचं काम सातआठ वर्षं करतेय. त्यातली पहिली दोन वर्षं आम्ही अशीच घालवली. पहिला स्नेहमेळावा दणक्यात, शाल-श्रीफळ, जेवण, ड्रोनने शूटिंग, सगळं झालं. दुसऱ्या वर्षी निम्मी माणसं आली. तिसऱ्या वर्षी हॉलचं भाडं कोणी भरायचं ह्यावर चर्चा. संघात परत जीव आला तो आम्ही शाळेचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा, कारण देणगी मागितली की चारच जण पुढे येतात, पण "तुमच्या वेळी घंटा कोण वाजवायचं" असं विचारलं की ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडेही द्यायला काहीतरी निघतं. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, क्रम उलटा करा. आधी इतिहासाचं काम, त्यातून माणसं, आणि मग त्या माणसांचा संघ.

आता हे करायचं कसं ते सांगते. महाराष्ट्रातल्या शाळा डोळ्यासमोर ठेवून लिहितेय, संस्थेची हायस्कूलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळा दोन्ही.

आधी परवानगी, आणि तीही कागदावर

मुख्याध्यापकांकडे हात हलवत जाऊ नका. एक पानी अर्ज न्या, त्यात तुम्ही कोण, कुठल्या साली शाळा सोडली, काय बघायचंय आणि कशासाठी. खाजगी संस्थेची शाळा असेल तर अर्जाची एक प्रत संस्थेच्या सेक्रेटरीला, जिल्हा परिषदेची असेल तर केंद्रप्रमुखांच्या कानावर घाला. "अहो मी इथलाच विद्यार्थी, मला कसली परवानगी" हा सूर लावलात की कपाटाची किल्ली हरवते, अनुभवाने सांगते.

आणि शाळेची बाजू पण समजून घ्या. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, हे कायम जपायचं रेकॉर्ड आहे, जन्मतारीख आणि जात ह्या दोन गोष्टींचा पुरावा म्हणून लोक अजून तिथेच येतात, त्यात कोणी एक अक्षर जरी बदललं तरी क्लार्क आणि मुख्याध्यापक दोघांची नोकरी अडचणीत येते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम सरकारने काढलं तेव्हा तर जुन्या शाळांमधली रजिस्टरं दिवसचे दिवस टेबलावर होती, मोडी वाचणारी माणसं शोधत फिरत होते सगळे. तेव्हापासून मुख्याध्यापक मंडळी जरा जास्तच जपून असतात आणि ते बरोबर आहे. तर आधीच सांगून टाका, रजिस्टर ऑफिसच्या बाहेर जाणार नाही, क्लार्कसमोर बसून बघू, ज्यांची नावं छापायची त्यांची किंवा घरच्यांची परवानगी घेऊ, आणि जातीचा रकाना कुठेही छापणार नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकू का असं काहीजण विचारतात. अनुदानित शाळेला २००५ चा कायदा लागू होतो, दहा रुपयांत अर्ज होतो, सगळं खरं आहे. पण ज्या शाळेसाठी संघ काढायचाय तिलाच नोटीस धाडून सुरुवात करायची का हे ज्याचं त्याने ठरवावं. मी तरी नाही टाकला.

कपाटात काय काय सापडतं

सगळ्यात आधी जनरल रजिस्टर, काही ठिकाणी ह्यालाच दाखल-खारीज म्हणतात. प्रत्येक मुलाला एक नंबर, नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, कुठल्या यत्तेत आला, कधी सोडली, आणि शेवटच्या रकान्यात सोडण्याचं कारण. हा शेवटचा रकाना नीट वाचा. "गाव सोडले", "गरिबीमुळे", "लग्न झाल्यामुळे", "सतत गैरहजर", एवढ्या दोनदोन शब्दांत तुमच्या गावाचा शंभर वर्षांचा हिशोब असतो. आम्ही एक उद्योग केला, दर दहा वर्षांतलं एक वर्ष घेतलं आणि त्या वर्षी शाळा सोडणाऱ्यांची कारणं नुसती मोजली. इतिहासाच्या पुस्तकातलं आमचं सगळ्यात वाचलं गेलेलं प्रकरण तेच, संस्थापकांच्या चरित्राला एवढे वाचक मिळाले नाहीत.

रजिस्टरच्या एका ओळीत किती असतं ह्याचं उदाहरण सगळ्यांना माहितीये तरी सांगते. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० ला एका मुलाचं नाव दाखल झालं, नोंद नंबर १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. ती एक ओळ त्या शाळेने जपली म्हणून आज ७ नोव्हेंबर हा राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, २०१७ पासून. लिहिणाऱ्या कारकुनाच्या लेखी तो त्या दिवशीचा एक दाखला होता फक्त.

दुसरी गंमत जन्मतारखांची. जुन्या पानांवर १ जून ही तारीख इतकी वेळा येते की वाटेल गावात दुसऱ्या दिवशी कोणी जन्मलंच नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आईबापांना तारीख माहीत नसायची, गुरुजींनी वय बघून मागे मोजलं आणि १ जून टाकून दिली. तेव्हा कुणाच्या चरित्रात जन्म १ जून लिहिताना "शाळेच्या नोंदीप्रमाणे" एवढं घाला.

बाकीची कागदपत्रं भराभर सांगते. शेरेबुक किंवा लॉगबुक, ज्यात तपासणीला आलेले साहेब शेरा मारून जायचे, "इमारत गळते, मुलांचे गणित कच्चे" वगैरे, हे सापडलं तर सोनंच. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या सामानाची वही, त्यात पहिला रेडिओ, पहिली शिवणयंत्रं, प्रयोगशाळेतला सांगाडा कधी आला ते तारखेसकट. संस्थेची इतिवृत्तं, म्हणजे ठरावांच्या वह्या. शिक्षकांचं हजेरी मस्टर, त्यावरून कोण कधी ते कधी होते हे पक्कं होतं, नाहीतर प्रत्येकजण सांगतो की देशपांडे सर आमच्या वेळी होते. आणि हस्तलिखितं! बऱ्याच शाळांमध्ये वर्षाला एक हस्तलिखित अंक निघायचा, एकच प्रत, मुलांच्या अक्षरात, चित्रांसकट. लायब्ररीच्या सगळ्यात वरच्या फळीवर बघा.

वाचताना जिथे सगळे फसतात

यत्तांचा घोळ आधी सोडवा. जुन्या पद्धतीत मराठी चार यत्ता आणि मग इंग्रजी पहिली ते सातवी, इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. म्हणजे कागदावर "इंग्रजी तिसरी" दिसलं तर ती आजची सातवी, चार मिळवायचे. इंग्रजीकडे न वळता मराठी सातवी करून व्हर्नाक्युलर फायनल ही परीक्षा दिलेला माणूस वेगळा, तो त्या जोरावर प्राथमिक शिक्षक होऊ शकायचा, आणि आमच्या टीममधल्या एका हुशार इंजिनियरने असे सहा लोक "सातवी नापास" म्हणून टाईप केले होते, मी वेळेत बघितलं म्हणून वाचलो. नंतर अकरावीला एसएससी आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यात दहावीचा पॅटर्न आला, तेव्हा "मी एसएससी" म्हणणाऱ्या आजोबांची अकरावी आणि तुमची दहावी एका तक्त्यात घालू नका.

सालाचंही तसंच. शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते चैत्र पाडव्याच्या आधीची तारीख असेल तर ७९. मराठवाड्यात जुन्या कागदांवर फसली साल असतं, त्यात साधारण ५९० मिळवायचे, म्हणजे फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. तिथे सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, सरकारी शाळेचं रेकॉर्ड उर्दूत मिळू शकतं, तर उर्दू वाचणारं माणूस आधी शोधा. विदर्भातल्या लोकांनी मुंबई इलाख्याचे अहवाल चाळत बसू नये, तुमच्या शाळा १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांत-वऱ्हाड आणि मग मध्य प्रदेशात होत्या, नागपूरकडे बघा. कोल्हापूर, सांगली, औंध, भोर असल्या संस्थानांत शिक्षणखातं दरबारचं होतं, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या काळातली शाळा असेल तर त्या हुकमाशी तिचं नातं तपासून बघा. आणि जिल्हा परिषदेची शाळा म्हणत असलात तरी जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या, त्याआधीचे कागद लोकल बोर्ड नाहीतर स्कूल बोर्डाच्या नावाने शोधा. "जीवन शिक्षण मंदिर" असं नाव पाटीवर असेल तर त्याच्यामागे गांधीजींची मूलोद्योग शिक्षणाची कल्पना आहे, नुसतं छान वाटलं म्हणून दिलेलं नाव नाही ते.

मोडी आलं तर घाबरू नका. अंदाजाने वाचू पण नका. पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग होतात, तिथून शिकलेली बरीच मंडळी आता जिल्ह्याजिल्ह्यात आहेत.

स्थापना नक्की कधीची?

हे भांडण प्रत्येक शाळेत होतं, आमच्यात तर एका वर्षात दोन बैठका ह्याच्यावरच मोडल्या. पाटीवर एक साल, रजिस्टरच्या पहिल्या पानावर दुसरं, संस्थेच्या लेटरहेडवर तिसरं. कारण असं की आमची शाळा आधी एका वाड्याच्या ओसरीवर वर्ग म्हणून भरायची, मग दोन वर्षांनी सरकारी मान्यता, मग ग्रँट, मग कितीतरी वर्षांनी मॅट्रिकचा वर्ग, मग स्वतःची इमारत, आणि संस्थेची नोंदणी तर अजून नंतर. ह्यातलं प्रत्येक साल खरं आहे, फक्त प्रत्येक वेगळ्या गोष्टीचं आहे.

मोठ्या शाळांचंही तसंच असतं. पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल १ जानेवारी १८८० ला सुरू झालं, डेक्कन एज्युकेशन सोसायटी ही संस्था १८८४ ची आणि फर्ग्युसन कॉलेज १८८५ चं. म्हणजे तिथे शाळा आधी आणि संस्था चार वर्षांनी. (त्यानंतर गावोगाव न्यू इंग्लिश स्कूल नावाच्या अस्सल मराठी माध्यमाच्या शाळा का निघाल्या हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, माझ्या मुंबईच्या भाचीला अजून खरं वाटत नाही की मी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मराठीतून शिकले.)

तर करायचं एवढंच, एकच तारीख निवडायची घाई करू नका. एक तक्ता करा, पहिला वर्ग, मान्यता, अनुदान, पहिली मॅट्रिक बॅच, इमारत, नोंदणी, आणि प्रत्येकापुढे पुरावा कुठला ते लिहा. महोत्सव कुठल्या सालावरून मोजायचा ते संस्थेला ठरवू दे. आमचा शताब्दीचा बॅनर लागल्यावर रजिस्टरचा एक जुना खंड गोणीत सापडला आणि शाळा तीन वर्षांनी म्हातारी निघाली, बॅनर तसाच राहिला आणि पुस्तकात मात्र खरं छापलं. कोणी काही म्हटलं नाही.

शाळेबाहेर कुठे शोधायचं

सोपं आधी, जमीन. शाळा गावठाणात असेल तर सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, नसेल तर सातबारा, आणि त्यावर जे फेरफार नंबर असतात ते जुने फेरफार तलाठ्याकडून नाहीतर तहसीलच्या रेकॉर्डरूममधून काढा. जागा कोणी दिली, विकत की बक्षीसपत्र, कधी, हे तिथे पांढऱ्यावर काळं मिळतं. आमच्याकडे सगळ्या भाषणांत एका घराण्याने जागा दिली असं सांगतात, फेरफारात निघाली तीन माणसांची जमीन, त्यातल्या एका विधवा बाईचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचे सरकारी ग्रंथ. ब्रिटिशांच्या काळात कॅम्पबेलच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटियरं निघाली, पुणे आणि सातारा १८८५ ची, सोलापूर १८८४ चं, नाशिक १८८३ चं, रत्नागिरी १८८० चं, आणि प्रत्येकात शिक्षणावर एक प्रकरण आहे, वर मागे गावांची माहिती येते त्यात कुठे शाळा होती तेही लिहिलेलं असतं. इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. शिक्षणखात्याचे वार्षिक अहवाल मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या बिल्डिंगमध्ये, पण तिथे जाण्याआधी साल आणि तालुका पक्का करून जा, नाहीतर दिवस जातो आणि हाताला नुसती धूळ लागते. वर्तमानपत्रांत बातमी शोधायची असेल तर इमारतीच्या उद्घाटनाची किंवा बक्षीस समारंभाची तारीख हातात हवी. केसरी १८८१ पासून आहे, महिनोन्महिने चाळणार कोण.

गावातलं जुनं वाचनालय आणि नगरपालिका विसरू नका, प्लेगच्या वर्षी शाळा किती दिवस बंद होती, बाकं कोणाच्या पैशाने आली असल्या गोष्टी त्यांच्या ठरावांत निघतात.

माणसांना बोलतं करायचं

हे काम सगळ्यात आधी सुरू करा कारण कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. आमच्या यादीत चौदा जणांची नावं होती, पहिला फोन व्हायच्या आत दोघं गेले होते.

वयाच्या क्रमाने यादी करा, ऐंशीच्या वरचे आधी. आणि फक्त शिक्षक नकोत. शिपाईमामा, ग्रंथपाल, बोर्डिंगच्या स्वयंपाकीणबाई, समोरचा वह्यावाला, नापास होऊन शाळा सोडलेले, ह्यांना जे दिसतं ते हेडमास्तरांना दिसत नाही.

प्रश्न कसा विचारायचा ह्यात सगळं आहे. "शाळेच्या आठवणी सांगा" म्हटलं की माणूस भाषण सुरू करतो, आमचे गुरुजी म्हणजे देवमाणसं, त्या काळी शिस्त होती, संपलं. त्याऐवजी वस्तू विचारा. पाणी कुठून प्यायचात? माठ सगळ्यांना एकच होता का? मुली कुठे बसायच्या? पावसाळ्यात कुठला वर्ग गळायचा? हातावर कोण मारायचं आणि कशाने? माठाच्या एका प्रश्नावर आमच्या एका आजोबांनी पाऊण तास असं काही सांगितलं की रेकॉर्डिंग ऐकताना अजून गप्प व्हायला होतं, कारण त्यांना वरून पाणी ओतायचे.

साल विचारू नका, कोणाला आठवत नाही. घटना विचारा. गांधीजी गेले तेव्हा कितवीत होता, चीनचं युद्ध झालं तेव्हा कोण सर होते, कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७ ची पहाट) झाला त्या दिवशी शाळा भरली का, बहात्तरच्या दुष्काळात सुकडी कुठे मिळायची. पुणेकर असाल तर पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. अशी खुंटी मिळाली की बाकीची वर्षं आपोआप मागेपुढे लागतात.

फोन एरोप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, सुरुवातीला नाव, तारीख, गाव मोठ्याने बोलून घ्या. आणि एका कागदावर सही घ्या की हे छापायला आणि जपून ठेवायला हरकत नाही. मध्येच "हे लिहू नको बरं का" म्हणाले तर खरंच लिहू नका. एकच आठवण कमीत कमी दोघांकडून तपासा, फोटो समोर ठेवलात तर जास्त बरं.

फोटो आणि कागद, हात लावायच्या आधी

लॅमिनेशन करू नका. परत एकदा लिहिते, लॅमिनेशन करू नका. चिकटलेलं प्लास्टिक परत निघत नाही आणि निघालं तर फोटो घेऊन निघतं. सेलोटेप नको, स्टेपल नको, थुंकी लावून पानं उलटणं नको. फोटोच्या मागे नावं बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिलने हलकेच लिहा. वाळवी किंवा कसर लागलेलं बाड चांगल्या बाडाशेजारी ठेवू नका.

स्कॅन करताना कागद ३०० डीपीआय चालतो, फोटो ६०० ला करा. मूळ फाईल टिफ ठेवा आणि व्हॉट्सॅपवर फिरवायला वेगळी जेपीजी, कारण व्हॉट्सॅपवरून आलेला फोटो पुस्तकात छापला की सगळ्यांचे चेहरे इडलीसारखे दिसतात. फाईलचं नाव आयएमजी अमुक न ठेवता साल, प्रसंग, कोणाकडून मिळाला असं ठेवा. तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक शाळेच्या आणि गावाच्या बाहेर. पुराचं गाव असेल तर हे शेवटचं अजिबात टाळू नका. आणि फोटो ज्याचा त्याला त्याच आठवड्यात परत, वहीत सही घेऊन, एक फोटो हरवला की पुढचे पन्नास कोणी देत नाही.

यादी, आणि आमची नावं कुठे गेली

आता इथपर्यंत आलात तर तुमच्याकडे दोनतीनशे नावं झालीच असतील. एक्सेल शीट करा आणि पहिला रकाना जनरल रजिस्टर नंबरचा ठेवा. नावं सारखी असतात, नंबर एकच. आमच्याकडे एकाच वर्षात चार संतोष पाटील आहेत.

आणि मुलींसाठी दोन रकाने, माहेरचं नाव आणि आत्ताचं. पहिल्या मेळाव्याच्या यादीत आमच्या बॅचच्या एकतीस मुलींपैकी नऊच सापडल्या होत्या, मीसुद्धा नव्हते, कारण मला शोधणारे आडनाव शोधत होते आणि ते आडनाव आता माझं नाही. फोन करून शोधण्यापेक्षा प्रत्येक सापडलेल्या मुलीला बाकीच्या दोघींचं विचारा, कोण कुठे दिली हे मैत्रिणींना माहीत असतं, भावांना नाही.

बॅचमागे एक प्रतिनिधी ठेवा, दोन ठेवलेत तर अजून बरं, एक बाई एक पुरुष. व्हॉट्सॅप ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात पण मावतात म्हणून भरू नका, सगळ्यांचा ग्रुप फक्त सूचनांसाठी, बोलायचं ते बॅचच्या ग्रुपवर. नंबर, पत्ते, जन्मतारखा ह्यांची शीट सगळ्यांना फॉरवर्ड करायची नाही, विमा एजंट आणि फ्लॅटवाले त्याचीच वाट बघत असतात.

आता संघ, म्हणजे कागदोपत्री

वर्षभर काम झालं, दहाबारा माणसं टिकली की मगच नोंदणीचा विचार करा. तोपर्यंत खर्च थोडा ठेवा आणि दर महिन्याला हिशोब ग्रुपवर टाका. एकाच्या खाजगी गुगल पेवर देणग्या गोळा करू नका, आम्ही केलं होतं, पैसे एका रुपयाने इकडेतिकडे झाले नाहीत पण त्या बिचाऱ्याला इन्कम टॅक्सवाल्याला आणि बायकोला दोघांनाही समजावून सांगावं लागलं.

महाराष्ट्रात सर्वसाधारण रस्ता असा, कमीत कमी सात सभासद, संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली सोसायटी, आणि त्याचबरोबर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली ट्रस्ट म्हणून नोंद, दोन्ही धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात. घटना आणि नियमावली कुणाची तरी कॉपी करून देऊ नका, तीन कलमांवर नीट डोकं लावा. सभासद कोण, आम्ही लिहिलं "शाळेत किमान एक शैक्षणिक वर्ष शिकलेली कोणतीही व्यक्ती", म्हणजे सातवीत सोडलेलाही आला आणि नापासही आला. पदाधिकाऱ्यांची मुदत किती आणि सलग किती वेळा. आणि संघ बंद पडला तर कागद-फोटो-पैसे कोणाकडे जाणार, हे आत्ताच लिहून ठेवा.

नोंदणी झाली की काम संपत नाही. दरवर्षी ऑडिट, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट. हा एक कागद राहून गेल्यामुळे कितीतरी संघांच्या कागदावर अजून वारलेले अध्यक्ष आहेत. पॅन काढा, बँकेत दोघांच्या सहीचं खातं, देणगीदाराला करसवलत हवी असेल तर जिला सगळे ८०जी म्हणतात ती मान्यता वेगळी घ्यावी लागते, आणि दोन हजारांच्या वर रोख दिलं तर ती सवलत मिळत नाही, म्हणून चेक नाहीतर ऑनलाईनच घ्या.

परदेशातल्या मित्रांचं विशेष बघा. भारतीय पासपोर्ट असलेला एनआरआय देतो ती परदेशी देणगी धरत नाहीत, पण ज्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं त्याने दिलेले पैसे एफसीआरएमध्ये, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात येतात आणि त्या नोंदणीशिवाय एक डॉलर घेता येत नाही, त्याच्याकडे मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. बेंचवरचा मित्र आहे हो, पण कायद्याला बेंच दिसत नाही. पैसे घ्यायच्या आधी सरळ विचारा, पासपोर्ट कुठला.

संघाने शाळेच्या कारभारात नाक खुपसायचं नाही, शिक्षकांच्या बदल्या नाहीत, ॲडमिशनच्या चिठ्ठ्या नाहीत. एकदा चिठ्ठी गेली की पुढच्या वेळी कपाट उघडत नाही.

लिहायला बसल्यावर

एकाच माणसाने लिहावं, बाकीच्यांनी तपासावं. पाच जणांनी लिहिलेल्या स्मरणिका मी पुष्कळ बघितल्यात, पहिली वीस पानं शुभेच्छांचे फोटो, मग जाहिराती, आणि इतिहास दीड पान, त्यातही ज्ञानमंदिर, वटवृक्ष आणि इवलेसे रोप.

साल लिहिलंत की त्याचा कागद कुठला ते आपल्या वहीत टिपून ठेवा. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहा, "असं सांगतात" म्हटल्याने काही कमीपणा येत नाही. अमुक पुढारी आमच्या शाळेत येऊन गेले ही कथा प्रत्येक गावात असते, शेरेबुकात किंवा भेटपुस्तकात सही असेल तर छापा.

आणि नको असलेलं काढून टाकू नका. वेगळं बसवलेली मुलं, बेचाळीसमध्ये काढून टाकलेले विद्यार्थी, संस्थेतली फूट, बंद पडलेलं बोर्डिंग, पटसंख्या घसरली ती सालं. आमच्या संस्थेतल्या काहींना माठाची गोष्ट नको होती. आम्ही त्या आजोबांनाच मीटिंगला बोलावलं, चहा झाला, ते आपल्या शब्दांत सांगून गेले, आणि नंतर ते पान काढा असं कोणी बोललं नाही.

मागे नामसूची द्या, प्रत्येकजण पुस्तक मागून उघडतो आणि आपलं नाव शोधतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय नंबर, भारतात फुकट मिळतो, अर्ज ऑनलाईन होतो. एक प्रत शाळेच्या लायब्ररीत, एक गावच्या वाचनालयात, एक जिल्ह्याच्या, आणि स्कॅन केलेल्या सगळ्या फाईलींची हार्डडिस्क शाळेला, पोच घेऊन. शेवटची चार पानं कोरी ठेवा, वर फक्त "दुरुस्त्या आणि राहून गेलेली नावं" एवढं छापा. आमच्याकडे पहिल्या सहा महिन्यांत त्रेपन्न आली. त्यातली एक शिपाईमामांच्या नातीने आणून दिली, पान ८७ वरच्या फोटोत डावीकडे घंटेपाशी उभा आहे तो माणूस अनोळखी नाही, ते तिचे आजोबा.